रंगारी मॅडमची पांढरी मॅकरोनी

रंगारी मॅडमच्या गळ्यात शिट्टी नसायची. दोन बोटं तोंडात घालायच्या, जीभ आत दुमडायच्या आणि अशी काही शिट्टी मारायच्या की मैदानापलीकडच्या रस्त्याने पवनीकडे निघालेला मोटारसायकलवालासुद्धा मागे वळून पाहायचा. मी शाळेत रुजू झाले त्या सकाळी फाटकातून आत शिरताना मीही दचकून थांबले होते. साडीवर पांढरे स्पोर्ट शूज घातलेली एक उंच, काटक बाई माझ्याकडे चालत आली. नाव नाही विचारलं, विषय नाही विचारला.

"डबा आणला काय, मॅडम?"

"आणलाय."

"काय हाय त्यात?"

"भेंडी."

"राहू द्या भेंडी. आज माह्या डब्यातलं खा. नव्या माणसानं पहिल्या दिवशी थंड भेंडी नाई खाव."

दुपारी त्यांच्या डब्यातला पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा मी खाल्ला आणि डोळ्यांतून, नाकातून पाणी गाळत पूर्ण तास वर्गात काढला. आठवीच्या पोरींना वाटलं, नव्या मॅडमला पहिल्याच दिवशी कोणी रडवलं. वाटलं ते खरंच होतं.

आमची शाळा भंडारा-पवनी रस्त्यावरच्या एका मोठ्या गावात आहे. सुलोचना रंगारी तिथे शारीरिक शिक्षण शिकवायच्या आणि मुलींचा कबड्डीचा संघ तयार करायच्या. राहायला शाळेच्या मागच्याच गल्लीत. यजमान राइस मिलमध्ये वजनकाट्यावर होते. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. भाऊ दिवसभरात जेवढं बोलायचे तेवढं मॅडम एका हाकेत बोलून टाकायच्या. एकुलती मुलगी श्वेता पुण्यात नोकरीला होती.

मॅडमचं माहेर आता पाण्याखाली आहे. गोसीखुर्दचं धरण झालं तेव्हा ते गाव उठलं आणि माणसं नव्या वसाहतीत गेली. त्या गावच्या रानात लाल, तिखट, पातळ सालीची मिरची व्हायची. शाळेची सहल एकदा धरणावर गेली होती. मुलं भिंतीवरून खाली वाकून बघत होती आणि मॅडम लांब पाण्यात एका जागी बोट दाखवत मला सांगत होत्या, "ते तिथं, ते पक्षी बसले ना, त्याच्या अल्याड आमचं वावर. माह्या मायच्या मिरच्या आता मासोळ्या खाऊन राहिल्या." आणि खो खो हसल्या. मग बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या.

पुढे भावाने नव्या जमिनीत तीच मिरची लावली. ती तेवढी लागत नाही, असं त्या दरवर्षी म्हणायच्या आणि दरवर्षी पोतंभर आणायच्या. जेवताना डब्याच्या झाकणात हिरवी मिरची वेगळी ठेवलेली असायची. दोन घासांमागे तिचा एक तुकडा तोडायचा, असा नेम. डोळ्यात पाण्याचा थेंब नाही. आम्ही पाहत राहायचो. "तोंडाले समजलं पाहिजे ना का जेवण चालू हाय," त्या म्हणायच्या.

कुठल्याही मुलाला त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा. जेवला का? उशिरा आला, मारामारी केली, गृहपाठ विसरला, चक्कर येऊन पडला, सगळ्याला हाच प्रश्न. नाही म्हटलं तर आधी घरी पाठवायच्या, खाऊन आल्यावर शिक्षा करायच्या.

एकदा मुलींचा संघ घेऊन आम्ही तुमसरला गेलो होतो. कबड्डीच्या स्पर्धा होत्या आणि मुलींबरोबर दुसरी बाई हवी म्हणून मला घेतलं होतं. यजमान शाळेने जेवण ठेवलं होतं. वरण नुसतं पिवळं पाणी आणि वांग्याच्या भाजीला ना तेल ना तिखट. मुलींनी ताटं बाजूला सारली. मॅडम उठल्या, पिशवीतून तिखटाची पुडी काढली आणि थेट मागच्या बाजूला चुलीपाशी गेल्या. आचारी आधी भांडला, मग हटला, मग लसूण सोलायला बसला. थोड्या वेळाने असा ठसका उठला की मंडपात बसलेले पंच खोकायला लागले. ती भाजी मुलींनी खाल्ली, दुसऱ्या शाळांच्या मुलींनी खाल्ली आणि शेवटी आचाऱ्यानेही पत्रावळ घेतली.

दुसऱ्या दिवशी आमच्या मुली पहिल्याच सामन्यात हरल्या. बसमध्ये सगळ्या मुसमुसत होत्या. मॅडम उभ्या राहिल्या, दांडा धरला आणि म्हणाल्या, "हारल्या तं हारल्या. जेवल्या ना पोटभर? पुढच्या वर्षी पाहू त्यांले." पुढच्या वर्षीही हरल्या. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र जिंकल्या.

त्यांचं वैर कोणाशी असेल तर खर्र्याशी. आमच्या भागात सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घासून देतात, त्याला खर्रा म्हणतात. पानठेल्यापासून कचेरीपर्यंत तो सगळीकडे चालतो आणि सातवी-आठवीच्या मुलांच्या खिशातही सापडतो. मॅडम प्रार्थनेनंतर मुलांच्या रांगेतून चालायच्या आणि नुसत्या गालाकडे पाहून ओळखायच्या. पन्नी काढायला लावायच्या, मातीत रिकामी करायला लावायच्या आणि वर आपल्या पिशवीतले फुटाणे द्यायच्या. "चावाचंच हाय ना? हे चाव."

एका मुलाची आई यावरून शाळेत भांडायला आली होती. बाई तरुण होती, स्वतःच्या दातांवरही लाल पुटं चढलेली. मैदानात सगळ्यांसमोर ओरडली, "माह्या पोराच्या खिशात हात घालणाऱ्या तुम्ही कोण? तुमचं काय जाते?"

"माह्यं काय जाते?" मॅडम म्हणाल्या. "काही नाई जात, बाई. त्याचं तोंड जाते."

त्यांच्या जिभेच्या कडेला फोड आला तेव्हा त्यांनी तो मिरचीवर ढकलला. मग दाढेवर ढकलला. भंडाऱ्याला जाऊन दाढ घासून आल्या. फोड राहिलाच. डब्याच्या झाकणातली मिरची बंद झाली हे आम्हा स्टाफरूममधल्या बायकांच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, उन्हाळा हाय, उष्णता झाली. मग एक दिवस डबा तसाच मिटून ठेवला आणि मला म्हणाल्या, "शेंडे मॅडम, तुमी खाऊन टाका. मले आज गिळवत नाई." तेव्हा मात्र भाऊंनी सुट्टी काढली आणि त्यांना नागपूरला नेलं.

कॅन्सर निघाला. जिभेचा बराच भाग काढावा लागला, मानेच्या गाठी काढल्या, नंतर रेडिएशनचे शेक दिले. त्या सगळ्या काळात मी दोनदाच भेटू शकले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्या गल्लीतल्या घरी परत आल्या होत्या. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली लोखंडी पलंग आणि पलंगावर त्या. साडी अंगावर ठेवल्यासारखी दिसत होती. नाकातून एक बारीक नळी बाहेर आलेली, गालावर पट्टीने चिकटवलेली. भाऊ सिरिंजने त्या नळीतून पातळ केलेलं काहीतरी सोडत होते. मॅडम छताकडे पाहत होत्या. त्यांना जेवताना पाहायची माझी सवय होती. हे जेवण पाहवलं नाही, पण मी तिथेच बसून राहिले.

गावात बोलणं सुरू झालं होतं. जिभेचा कॅन्सर म्हणजे खर्रा, असं इथे लहान मूलही सांगेल. मॅडमनी आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं. पण लोक म्हणू लागले, चोरून खात असंन. पोरांचा काढून घेत होती ना, तो जात कुठं होता? बस थांब्यावर मी हे त्या भांडायला आलेल्या बाईच्याच तोंडून ऐकलं. कुत्सितपणे हसत नव्हती ती. घाबरल्यासारखी बोलत होती. "मॅडम खात असंनच ना वो? नाई तं कशाला होईन?" तिला माझ्याकडून होकार हवा होता. मी म्हटलं, नव्हत्या खात. तिने पदराने तोंड झाकलं आणि दुसरीकडे पाहू लागली.

हे मॅडमच्या कानावर गेलंच. पुढे, थोडं बोलता यायला लागलं आणि माझं त्यांच्याकडे जाणं वाढलं तेव्हा, त्या मला म्हणाल्या. एकेक शब्द फुटायला वेळ लागायचा, अर्धे शब्द तोंडातच विरघळायचे, पण हे वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा म्हणून माझ्यापर्यंत पोचवलं. "खाल्ला असता तं बरं होतं, बाई. निदान कारण तं राहिलं असतं."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की तोंडाने पुरेसं खाता आलं आणि वजन उतरलं नाही, तर नळी काढता येईल. नळी निघाली की शाळेत जाता येईल, एवढंच मॅडमनी त्यातून ऐकलं. आणि मग कळलं की खाणं म्हणजे काय असतं.

तिखट तर सोडाच, हळद झोंबायची, टोमॅटो झोंबायचा, मिठाचा खडा जास्त झाला तर डोळ्यांत पाणी. पेज पातळ, ती श्वासात जायची आणि ठसका लागायचा. पोळी तोंडात कापसासारखी फिरत राहायची, कारण लाळच सुटत नव्हती. आणि भात. आमचा सगळा मुलूख धानाचा. भाऊ उभा जन्म तांदळाच्या पोत्यांत वावरलेले. त्यांनी मिलमधून जुना, मऊ शिजणारा तांदूळ आणला, गुरगुट्या केला, त्यावर तूप घातलं. मॅडमनी घास घेतला. पुष्कळ वेळ तोंड हलवत राहिल्या. मग ओंजळीत काढून टाकला. शितं दातांच्या फटीत, गालात, जिथे जीभ नव्हती तिथे जाऊन बसली होती.

काय म्हणाल्या ते मला कळलं नाही. भाऊंनी सांगितलं. "म्हणते, भात सापडत नाई तोंडात."

श्वेता सुट्टी घेऊन पुण्याहून आली ती मॅकरोनीची पाकिटं घेऊन. तिच्याबरोबर खोलीत राहणारी मुलगी करायची म्हणे, दुधातली आणि चीजमधली, पांढरी. त्यात मसाला नाही, आंबट नाही आणि एकमेकांना धरून राहणारं, घसरत जाणारं जेवण. विचार अगदी बरोबर होता. पण पोरीने पुण्याहून पिझ्झावरचं चीज आणलं होतं. ते उकळत्या दुधात घातलं, त्याच्या तारा झाल्या. पहिलाच चमचा मॅडमच्या घशात गेला, अर्धा आत आणि तार अर्धी बाहेर. त्या निळ्या पडल्या. भाऊंनी पाठीत मारलं, श्वेताने बोट घालून ती तार ओढून काढली. मग स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसली आणि मोठमोठ्याने रडली.

"बस झालं," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. "नळीच बरी. मले नाई पाह्याचं हे पुन्हा."

मॅडमनी पलंगाच्या दांड्यावर हात आपटला. एकदा, दोनदा. मग उठल्या, भिंत धरत स्वयंपाकघरात गेल्या, रडणाऱ्या श्वेताला हाताने बाजूला केलं आणि ओट्यावरची कढई उचलून मोरीत ठेवली. दवाखान्यातून आल्यापासून त्या पहिल्यांदाच शेगडीसमोर उभ्या राहिल्या होत्या.

त्यानंतरचे काही रविवार मी त्यांच्याकडे जात होते. घास पोटात कसा पोचवायचा याचं तिथे युद्ध चालू होतं. दूध गार घातलं की मैद्याच्या गुठळ्या व्हायच्या आणि गुठळी म्हणजे ठसका. मैदा जास्त भाजला तर वास जळका यायचा. त्यांची चव पार गेली होती. गोड, खारट, काही कळत नव्हतं, सगळं कागदासारखं लागायचं. नाक मात्र शाबूत होतं. तारांचं चीज बंद झालं. भंडाऱ्याच्या डेअरीत मिळतात ते साधे चीजचे क्यूब भाऊ आणायला लागले. पण तेही उकळत्यात टाकले की तळाला धरायचे, कणी राहायची. आपल्याला दाताखाली जाणवणारही नाही एवढी कणी. त्यांच्या सोललेल्या तोंडाला ती वाळूसारखी टोचायची.

ज्या रविवारी जमलं तेव्हा मी ओट्याजवळ उभी होते. मॅकरोनी त्यांनी आधी चांगली मऊ शिजवली, पाकिटावर सांगतात त्याहून खूप जास्त, बोटाने दाबली की चपटी व्हावी इतकी. ते पाणी थोडं वाटीत काढून ठेवलं. मग बारीक आचेवर लोणी. लोण्यात मैदा. कढईवर तोंड नेऊन त्या हुंगत होत्या. कच्चा वास गेला पण रंग अजून पांढरा आहे, अशा वेळी त्यांनी मान हलवली आणि भाऊंनी कोमट दूध घातलं. अगदी थोडं. त्या घोटत राहिल्या. पुन्हा थोडं. पुन्हा घोटणं. सायीसारखं झालं तेव्हा त्यांनी ते चहाच्या गाळणीतून गाळलं. मग गॅस बंद केला.

"चीज घालायचं?" श्वेताने फोनवरून विचारलं. ती पुण्याला परत गेली होती आणि व्हिडिओवर पाहत होती.

मॅडमनी हात वर केला. थांब. कढईतली उकळी पूर्ण बसू दिली. बुडबुडा एकही राहिला नाही, तेव्हा किसलेलं चीज मूठमूठ सोडत गेल्या. ते न दिसताच मिसळलं. मॅकरोनी घातली, ते ठेवलेलं पाणी चमचाभर घातलं. मग चमचा भरून वर धरला आणि तिरपा केला. मॅकरोनी सावकाश, एकमेकींना धरून, तार न काढता कढईत उतरली.

"मीठ?" त्यांनी मला विचारलं. म्हणजे ओठांनी 'म'चा आकार केला आणि चमचा माझ्यासमोर धरला.

मी चाखलं. मऊ, कोमट, लोण्याचा वास असलेलं, बाळाच्या जेवणासारखं. "बरोबर आहे," म्हटलं.

त्या आरसा समोर ठेवून जेवायला बसल्या. घास कुठे जातो ते आरशात पाहावं लागायचं. मान एका बाजूला कलवायची, घास जिथे जीभ उरली आहे त्या बाजूला न्यायचा, हनुवटी छातीला लावायची आणि गिळायचं. कढईतली मॅकरोनी गार होत गेली, भाऊंनी ती दोनदा गरम पाण्यावर ठेवली. वाटी संपली तेव्हा ऊन अंगणातून भिंतीवर चढलं होतं. मॅडमनी रिकामी वाटी फोनसमोर धरून श्वेताला दाखवली. भाऊ आतल्या खोलीत गेले, बराच वेळ बाहेर आले नाहीत.

नळी निघाली. सत्र सुरू झालं आणि रंगारी मॅडम साडीवर स्पोर्ट शूज घालून शाळेत आल्या.

शिट्टी आता येणार नव्हती. त्या शिट्टीला जीभ दुमडावी लागते. दुकानातली शिट्टी गळ्यात घातली, पण ती त्यांना आवडली नाही. तोंडातल्या तोंडात तिला "डबडं" म्हटलं असावं, आम्ही तसं समजलो. मुलींची नावं घेणंही कठीण झालं होतं. र, ट, ल, स त्यांच्या तोंडून येत नव्हते. ओठांचे शब्द येत होते. म्हणून त्यांनी संघाचं बारसंच नव्याने केलं. कृतिका होती ती बबी झाली, तृप्ती झाली पमी, सरस्वती झाली माऊ. मुलींनी एका शब्दाने तक्रार केली नाही. एकमेकींनाही त्याच नावांनी हाका मारू लागल्या आणि त्या वर्षी स्पर्धेच्या अर्जावर एकीने स्वतःचं नाव बबी लिहिलं, ते मला खोडून घ्यावं लागलं.

स्टाफरूममध्ये मात्र त्या जेवायला आल्या नाहीत. खाताना ओठांच्या कोपऱ्यातून थोडं बाहेर यायचं, रुमाल लागायचा, वेळ लागायचा. डबा घेऊन खेळाच्या साहित्याच्या खोलीत जायच्या आणि दार आतून लोटून घ्यायच्या. मी एकदा माझा डबा घेऊन तिथे गेले. त्यांनी मला पाहिलं, हसल्या, आणि हाताने बाहेर जा म्हणून खूण केली. रागाने नाही. एखाद्या बाईच्या अंगावर कपडे नसताना आपण चुकून दार उघडावं, तसा तो हात होता. मी दार लोटून घेतलं.

एप्रिलमध्ये जयंती आली. त्यांच्या गल्लीत दरवर्षी सगळ्यांचं जेवण एकत्र असतं आणि मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, होणारी वांगे-आलूची भाजी मॅडमची, हे ठरलेलं. त्या वर्षी गल्लीतल्या बायकांनी सांगितलं की तुम्ही नुसत्या खुर्चीवर बसा. त्या ऐकतील असं कोणाला वाटलंही नव्हतं. सकाळपासून पदर खोचून उभ्या राहिल्या. भावाच्या वावरातली मिरची स्वतः कुटून घेतली. ठसका उठला, त्यांच्या तोंडाला तो वासही सोसत नव्हता, म्हणून ओला रुमाल बांधला. लसूण जळायच्या आधी काढायचा, मसाला तेल सोडतो तेव्हा वांगी घालायची, हे सगळं नाकाने केलं. भाजीचा रंग पाहून लोक म्हणाले, मॅडम वापस आल्या.

पंगत बसली. मीही बसले होते. पहिला घास घेतला आणि कळलं. मीठ दोनदा पडलं होतं. कदाचित तीनदा. भाऊंनी भाजी आणखी मागून घेतली. समोरच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी भात जास्त कालवला. मॅडम वाढपाच्या जागी उभ्या राहून एकेका चेहऱ्याकडे पाहत होत्या आणि आम्ही सगळे मान डोलावत होतो, मस्त, मस्त.

मग त्यांची नजर पाण्याच्या ड्रमवर गेली. वाढणारी पोरं तिसऱ्यांदा तो भरत होती. माझ्याजवळ आल्या, वाकल्या.

"पाणी बहू पिऊन राहिले ना सगळे?"

मी हातातला ग्लास खाली ठेवला.

"मिठाले वास नाई, बाई," त्या म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून नीट आले नाहीत, पण मला एकदाच ऐकून कळले. मग त्यांनी पळी शेजारच्या बाईच्या हातात दिली आणि घरात गेल्या. त्यानंतर त्यांनी लोकांसाठी तिखटाचा स्वयंपाक केला नाही.

पावसाळा लागला तेव्हा मानेत पुन्हा गाठ आली. नागपूरच्या चकरा पुन्हा सुरू झाल्या आणि काही दिवसांनी बंद झाल्या. त्या शाळेत यायच्या थांबल्या. मुली संध्याकाळी खेळून झाल्यावर घामाच्या अंगानेच त्यांच्या अंगणात जाऊन बसायच्या. दिवाळीनंतर, चहूकडे धान कापणीला आलं होतं तेव्हा रंगारी मॅडम गेल्या. खूप माणसं आली होती. ती बस थांब्यावरची बाईही आली होती, मुलाला घेऊन. अंगणाच्या कडेला उभी होती, आत आली नाही.

पण मला आठवतं ते त्याच्या थोडं आधीचं.

नळी पुन्हा लागली होती. गिळणं पूर्ण बंद झालं होतं, मॅकरोनीसुद्धा. मी रविवारी गेले तर घरात लोण्यात मैदा भाजल्याचा वास. भाऊ ओट्याशी उभे राहून घोटत होते. मॅडम स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, पायावर शाल, खूप लहान झालेल्या.

मी भाऊंना हळूच विचारलं, "कोणासाठी करताय?"

"जो येईन त्याच्यासाठी," ते म्हणाले. "ती म्हणते कर, म्हून करतो. काल पोट्ट्यांले खाऊ घातली. परवा दूधवाल्याले."

मॅडमनी बोट वर केलं. भाऊंनी गॅस बंद केला. बोट तसंच राहिलं, उकळी बसेपर्यंत. मग खाली आलं आणि भाऊंनी चीज सोडलं. कढई त्यांच्यासमोर आणून धरली. मॅडमनी चमचा भरून घेतला, तिरपा केला आणि मॅकरोनी खाली उतरताना पाहिली. मान हलवली. भाऊंनी वाटी भरून माझ्या हातात दिली.

मला भूक नव्हती. घरून जेवून निघाले होते. मॅडमनी समोरच्या पाटाकडे बोट केलं. मी बसले.

पहिला चमचा घेतला. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. वाईट नव्हतं ते पाहणं, अवघडायलाही झालं नाही. मैदानावर एखाद्या मुलीची उडी पाहावी तशा त्या पाहत होत्या, बारीक डोळ्यांनी, पूर्ण लक्ष देऊन. मी चावलं, मी गिळलं. आणि नळीच्या बाजूला, शाल सरकली होती तिथे, त्यांचा गळा हलला.

मला वाटलं भास झाला. दुसरा चमचा घेतला, गिळला. गळा पुन्हा हलला.

मग मी हळू खाऊ लागले. इतकं हळू मी आयुष्यात कधी जेवले नव्हते. एकेक मॅकरोनी घ्यायची, तोंडात फिरवायची, मग गिळायची. भाऊ ओट्याला टेकून उभे होते, त्यांनी पाठ वळवली. बाहेर अंगणात मुली कसल्याशा गोष्टीवरून भांडत होत्या आणि कोणीतरी बबीला हाक मारत होतं. वाटीतला शेवटचा घास मी बराच वेळ चमच्यात धरून ठेवला. तो गिळल्यावर मॅडमनी डोळे मिटले.

वाटी खाली ठेवली. त्यांनी डोळे उघडले, रिकाम्या वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि भाऊंना खूण केली. अजून.

माझं पोट भरलं होतं. मी वाटी पुढे केली.